दुसरा प्लग

मंगळवार, ९ तारीख

आधी एक दुरुस्ती. मागच्या महिन्याच्या २३ तारखेला मी इथे लिहिलं आहे : "वेल्डिंगच्या आधी बॅटरीची केबल सोडवली, इंजिनच्या कंप्युटरचे दोन्ही प्लग काढले." यातलं पहिलं खरं आहे, दुसरं नाही. प्लग मी एकच काढला. दुसऱ्याची कडी गंजून बसली होती. दोनदा ओढली, बोटाचं नख उलटलं, आणि आणखी जोर लावला तर कडीच तुटेल असं वाटलं. तेवढ्यात वेल्डरकाकांनी विचारलं, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालं."

ते पान फाडणार नाही. त्या ओळीवर रेघ मारून बाजूला आजची तारीख घातली आहे.

चूक कशी झाली तेही लिहिते, म्हणजे पुढे मला स्वतःलाच सबबी सांगता येणार नाहीत. बाबांचा ट्रक एकोणीस वर्षांचा. त्याचं पुस्तक परक्या भाषेतलं, आणि आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून शब्दकोश घेऊन ते मीच वाचते. ट्रकची एक वहीसुद्धा मीच लिहिते : तेल कधी बदललं, पट्टा कधी बदलला. लिहून झालं की बाबांना वाचून दाखवायचं आणि त्यांनी खाली अंगठा उठवायचा. अंगठा उठला की काम झालं, हा आमच्या घरचा कायदा. त्या दिवशी बाबा घाईत होते, म्हणून मी यादी आधीच लिहिली, बरोबरच्या खुणाही आधीच केल्या, अंगठाही घेऊन टाकला, आणि मग काम करायला गेले. संध्याकाळी डायरी लिहिताना वहीतलंच इथे उतरवलं. लिहिताना हात थांबला होता. तरी उतरवलं.

पुस्तकात लिहिलं आहे की प्लग न काढता गाडीवर वेल्डिंग केलं तर करंट कंप्युटरमधून जातो. तो लगेच मरत नाही. आतून अर्धवट जळतो आणि तापला की दगा देतो. हे वाक्य बाबांना मीच समजावून सांगितलं होतं.

आता आजचं.

वेल्डिंग केलं ते काचेचे तक्ते उभे ठेवायचा लोखंडी स्टँड ट्रकच्या हौद्यात पक्का करायला. दोन आठवडे झाले, आम्ही कारखान्यातून काच भरतो आणि डोंगरापलीकडच्या शहरात नेतो. गेटवरचे कागद वाचायला मी बाबांबरोबर असते. आज चढावर, चौथ्या वळणाच्या जरा अलीकडे, इंजिन बंद पडलं. आचका नाही, धूर नाही. समोरच्या सगळ्या सुया एकदम शून्यावर आल्या. बाबांनी ब्रेक दाबून धरला तरी भरलेली गाडी मागे सरकायला लागली, आणि इंजिन बंद म्हणून स्टीअरिंग दगडासारखं जड. "ठोकळा!" एवढंच ते ओरडले. मी उडी मारली आणि लाकडी ठोकळा मागच्या चाकाखाली सारला. चाक त्यावर अर्धं चढलं आणि थांबलं.

चाकापासून दरीची कड किती लांब होती ते मी नंतर पावलांनी मोजलं. नऊ पावलं. माझी पावलं लहान आहेत.

अकरा तक्ते फुटले. स्टीअरिंगशी झटापट करून बाबांचं मनगट सुजलं. पाऊण तासाने इंजिन आपोआप सुरू झालं.

परत येताना बाबा म्हणाले, "ठोकळा वेळेवर टाकलास." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.


बुधवार, १० तारीख

मेकॅनिक आले. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ऐकतात, म्हणून ट्रक उभे राहतात त्या यार्डात सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात.

"श्वास ठीक आहे," ते म्हणाले. "पेशंट नाटकी आहे."

किल्ली फिरवली की समोरचा पिवळा दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला ते मोजायचं आणि पुस्तकात तो आकडा शोधायचा, म्हणजे बिघाड कळतो. मी मोजत होते, डॉक्टर बघत होते. पहिल्यांदा दिव्याने सांगितलं, इंजिनातलं पाणी बर्फासारखं थंड आहे. हात लावला असता तर फोड आला असता असं तापलेलं इंजिन! दुसऱ्यांदा सांगितलं, डिझेलचा दाब नाही. तिसऱ्यांदा काहीच सांगितलं नाही.

"याला विचारलं डोकं दुखतंय का, तर हा गुडघा दाखवतो," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पाना खाली ठेवला. "हे डबा जळल्याचं लक्षण आहे. कंप्युटर. वेल्डिंग केलंत तेव्हा प्लग काढले होते ना?"

"काढले होते," बाबा म्हणाले. "वहीत आहे. वाच गं."

मी वाचलं. आवाज कापेल असं वाटलं होतं. कापला नाही. अगदी नेहमीसारखा आला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"दोन्ही?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"अरे, खाली माझा अंगठा आहे!" बाबा म्हणाले. "आमच्या पोरीच्या वहीत चूक निघाली तर मिशी उतरवीन."

"मिशी राहू दे, तेवढीच एक शोभा आहे तुझ्या तोंडावर." डॉक्टर हसले. "मग डबा नाही. प्लग काढलेला डबा वेल्डिंगने जळत नाही. वायरिंग बघतो, पंप बघतो."

या ट्रकचा डबा आता नवीन मिळत नाही. शहरात एक कारागीर आहे, तो असे डबे उघडून दुरुस्त करतो. त्याला दहा दिवस लागतात, तोवर गाडी उभी. खात्री असल्याशिवाय धंद्याची गाडी दहा दिवस कोण उभी करेल?

खात्री फक्त माझ्याकडे आहे.


शुक्रवार, १२ तारीख

आज डॉक्टर वायरिंग तपासत होते. मी शेजारी पुस्तक धरून उभी होते. मध्येच बाबा म्हणाले, "जा, घरून जुनं फडकं घेऊन ये." फडकी तिथे तीन पडली होती, पण मी गेले. परत आले तर डॉक्टर, बाबा आणि वेल्डरकाका तिघेही गप्प. डॉक्टर हात पुसत होते. इंजिनाखाली जमिनीवर गंजाचा चुरा पडला होता, चिमूटभर. कशाचा ते मी विचारलं नाही.

मी पुन्हा घरी जाऊन चहा घेऊन आले, तोवर बाबांचा आवाज चढला होता. वेल्डरकाका बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघांनी एकाच सायकलवर सायकल शिकली. त्यांना बाबा सगळ्या यार्डासमोर म्हणाले, "वेल्डिंग मशीनची अर्थिंगची क्लिप कुठे लावली होतीस तू? इंजिनालाच लावली असणार!"

"असेल," काका म्हणाले. "डोळे दगा देतात हल्ली."

"डोळे दगा देतात तर घरी बस ना! लोकांच्या गाड्या कशाला जाळतोस?"

हे खरं नाही. क्लिप त्यांनी स्टँडलाच लावली होती, जिथे लावायची तिथेच. मी बघितली होती. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि चहाचा ग्लास उचलला. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. तोंड उघडं होतं हे मला आठवतं. त्यातून आलं ते असं : "काका, साखर बघा."

निळ्या ट्रकचा ड्रायव्हर तेवढ्यात बोललाच, "काय काका, जोडायला येता की मोडायला?" सगळे हसले. काकाही हसले.

बाबांना असं कोणाचा अपमान करताना मी कधी बघितलं नव्हतं. माझ्यामुळे माझे बाबा असे होत चालले आहेत.


सोमवार, १५ तारीख

नवा पंप बसला, अर्धं वायरिंग नवं झालं. आज काच न्यायची होती. मी तयार होऊन गेले तर बाबा म्हणाले, "तू नको."

"गेटवर कागद कोण वाचणार?"

"गेटवाल्याला डोळे आहेत."

"आणि ठोकळा?"

"मी काय म्हातारा झालो? धाकटीचा अभ्यास घे. आता रोज घेत जा. गाडीत बसायचं बंद."

त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला आहे. दुसरं कारण दिसत नाही. पण मग वही माझ्याकडेच का ठेवली?

जाताना केबिनमधून वाकून म्हणाले, "नख आलं का गं नवीन?" तीन आठवड्यांपूर्वीचं नख. मी त्यांना ते दाखवल्याचं मला आठवत नाही.

दिवसभर काही सुचलं नाही. गाडी चौथ्या वळणावर बंद पडली तर एक माणूस ब्रेक दाबून धरणार की खाली उतरून ठोकळा टाकणार? कागदावर चित्र काढून बघितलं. दोन्ही एकदम करता येत नाही.

पाच वाजता आले. गाडी बंद पडली नव्हती. आभाळ होतं, म्हणून असेल.


मंगळवार, १६ तारीख

मला वाटलं होतं, आज सुटले.

सकाळी यार्डात ट्रक उन्हात चालू ठेवला होता. तासाभराने आपोआप बंद पडला. मला एक सुचलं. गोणपाट ओलं केलं, पिळलं आणि कंप्युटरच्या डब्यावर टाकलं. तीन मिनिटांत इंजिन सुरू. पुन्हा तापू दिलं, पुन्हा बंद. पुन्हा ओलं गोणपाट, पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा गोणपाट मुद्दाम नव्या पंपावर टाकलं : नाही झालं. वायरिंगवर टाकलं : नाही झालं. डब्यावर टाकलं : झालं. वेळा लिहून ठेवल्या आहेत.

याहून स्वच्छ पुरावा काय असतो? मला प्लगचं काही बोलायची गरजच पडणार नाही, डबा स्वतःच पकडला जाईल, असं वाटलं. धावत जाऊन बाबांना दाखवलं. त्यांनी तीन वेळा करून बघितलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बघा! म्हणून शिकवलं हिला!"

आणि दुपारी केबिनमध्ये पाण्याचे चार कॅन आणि दोन गोणपाटं आली.

मी पुरावा दिला. त्यांनी त्याचं औषध केलं. आता गाडी घरी थांबायचं कारणच उरलं नाही.


गुरुवार, १८ तारीख

आज वेल्डरकाकांच्या शेडमध्ये गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. शेडमध्ये काम नव्हतं. ते रिकाम्या खुर्चीचा पाय जोडत बसले होते, त्यांचीच खुर्ची.

मी म्हटलं, "काका, त्या दिवशी दुसरा प्लग..."

"उन्हात उभी राहू नको. आत ये."

"काका, दुसरा प्लग मी..."

"मला माहीत आहे. मी बघितलं होतं."

"मग तुम्ही वेल्डिंग सुरू का केलंत?"

"तू झालं म्हणालीस. मला वाटलं, आहे तसाच ठेवायचा असेल. पुस्तक तू वाचलेलं, मी थोडंच वाचलंय?" त्यांनी खुर्ची उलटी करून पाय हलवून बघितला. "माझीही चूक आहे. दोनदा विचारायला हवं होतं."

"मी बाबांना सांगते. आजच सांगते. लोक तुम्हाला..."

"लोक काय, लोकांना आठ दिवसांनी दुसरा माणूस सापडतो. तू ऐक. तुझ्या मागून धाकटी शाळेत गेली. मग निळ्या ट्रकवाल्याची मुलगी गेली. मग त्या पंक्चरवाल्याच्या दोघी. का गेल्या? तुझा बाप सहा वर्षं यार्डात ती वही नाचवतोय म्हणून गेल्या. त्या वहीत चूक निघाली की पहिल्यांदा निळा ट्रकवाला काय म्हणेल?"

मला माहीत आहे तो काय म्हणेल.

"माझ्या डोळ्यांवर ढकललंय, तिथेच राहू दे," काका म्हणाले. "डोळे माझेच आहेत, काम संपलं तर झोपायला उपयोगी."

मी निघाले तेव्हा म्हणाले, "आणि रडायचं असेल तर इथे रड, घरी नको. घरी आई विचारेल."

घरी येऊन विचार केला. त्यांनी मला माफ केलेलं नाही. माफ केलं असतं तर मला बोलू दिलं असतं. हे ओझं माझ्याच डोक्यावर राहावं अशी त्यांची इच्छा आहे, आणि ते योग्यच आहे.


शनिवार, २० तारीख

बाबा एकटे काच घेऊन गेले. एक वाजता यायचे ते पाच वाजता आले. शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली. आईने विचारलं तर म्हणाले, "खिळ्याला अडकली." पाण्याचे चारही कॅन रिकामे.

मी ट्रकखाली वाकून बघितलं. लाकडी ठोकळ्याला दोर बांधलेला होता, दोराचं दुसरं टोक चेसिसला. म्हणजे चढावर ते ठोकळा मागच्या चाकामागे फरफटत नेत होते, गाडी मागे आली की आपोआप चाकाखाली जावा म्हणून. ठोकळा उभा चिरला होता. दोन तुकडे, मध्ये फक्त एक सालपट धरून होतं.

हात धुऊन ते वहीशी बसले. "लिही. गाडी ठीक पोहोचली."

"बाबा, ठोकळा..."

"लिही गं."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा शाईच्या गादीवर टेकवला आणि कागदावर आणताना थांबले, श्वासभर. मग उठवला. आई शेजारीच बसून ऐकत होती. तिचा चेहरा सैल झाला, ती उठून कामाला लागली.

त्या वहीत आता दोन खोट्या ओळी आहेत. दुसरी त्यांची. ती त्यांनी कुणासाठी लिहून घेतली ते मला कळलं, आईसाठी. पण वहीत खोटं लिहिता येतं हे त्यांना कुणी शिकवलं असेल?


रविवार, २१ तारीख

आज बाबांनी सांगितलं, शनिवारी, २७ तारखेला, आजवरचा सगळ्यात मोठा माल आहे. दोन माणसांच्या उंचीचे तक्ते. शुक्रवारी भरायचे. हा नेला नाही तर कारखाना दुसरा ट्रक बघेल आणि काचेचं काम आपल्या हातून जाईल. बरोबर वेल्डरकाका जातील, ठोकळा टाकायला आणि डब्यावर पाणी घालायला.

"ते का?" मी विचारलं.

"ज्याने बिघडवली त्यानेच पाणी घालावं," बाबा म्हणाले. जेवताना इतक्या सहज म्हणाले की धाकटीला हसू आलं.

दुपारी मी यार्डात गेले. दोघे केबिनमध्ये बसले होते, मध्ये चहाचे दोन ग्लास. काका काहीतरी सांगत होते आणि बाबा स्टीअरिंगवर कपाळ टेकून हसत होते. मला बघितल्याबरोबर दोघेही गप्प. मग बाबा दरडावून म्हणाले, "ए, वेळेवर यायचं शनिवारी, नाहीतर बघ!" काका मुकाट खाली उतरले. जुन्या मित्राला आधी हसवायचं आणि मग असं हाकलायचं, हे कुठलं वागणं?

आणखी एक. शनिवारनंतर दहा दिवस गाडी उभी करून तिला रंग द्यायचा आहे म्हणे. एकोणीस वर्षांत त्या ट्रकला कुणी रंग दिला नाही. आता दहा दिवस! डब्यासाठी दहा दिवस नाहीत आणि रंगासाठी आहेत. मी हे बोलले तर बाबा म्हणाले, "हौस असते एखाद्याला." डॉक्टर तिथेच होते, ते खोकत बाहेर गेले.

संध्याकाळी धाकटीची वही बघितली. अभ्यासाची यादी : गणित, भूगोल, कविता पाठ. तिन्हींपुढे बरोबरच्या खुणा. गणिताचं पान कोरं.

"हे काय?"

"आधी खुणा केल्या की अभ्यास लवकर झाल्यासारखा वाटतो. तूही तशीच करतेस. मी बघितलंय."

मी तिच्या हातातून पेन्सिल ओढली आणि मोडली. कधी तिच्यावर हात उगारला नाही, आज उगारला. मारलं नाही. आई दारात येऊन उभी राहिली. "काय झालं एवढं? खुणाच केल्या ना तिने?"

मी म्हटलं, "हो, खुणाच केल्या."


मंगळवार, २३ तारीख

काल दोनदा प्रयत्न केला. सकाळी बाबा दाढी करत होते. मी आरशाच्या मागे जाऊन उभी राहिले, त्यांचे डोळे दिसू नयेत म्हणून. "बाबा, मला एक सांगायचंय." ते म्हणाले, "शनिवारनंतर सांग." मी काय सांगणार ते न विचारताच म्हणाले. संध्याकाळी पुन्हा गेले तर म्हणाले, "तुझी आई बोलावतेय." आईने बोलावलं नव्हतं.

आज शेवटी टेलिफोन बूथवरून शहरातल्या त्या कारागिराला फोन लावला. नंबर डॉक्टरांकडे मागितला. का हवा ते त्यांनी विचारलं नाही. खिशातून चिठ्ठी काढून दिली, नंबर आधीच लिहिलेला. त्यांना तो कशाला लागला असेल देव जाणे.

कारागिराचा आवाज तरुण होता, घाईतला. ट्रक कुठला, किती सालचा, सगळं विचारलं. मग म्हणाला, "वेल्डिंग झालं होतं का?"

"हो."

"दोन्ही प्लग काढले होते?"

"नाही," मी म्हटलं. "एकच."

इतकंच वाक्य. चौदा दिवस जे घरात बोलता आलं नाही, ते एका अनोळखी माणसाला सांगायला एक श्वास लागला. त्याला त्यात काहीच वाटलं नाही. "होतं असं," म्हणाला. "पाण्याने गार करून चालवताय का? लोक करतात. त्याने आतला सोल्डरिंगचा टाका रोज थोडा थोडा सुटतो. तापतो, आकसतो, तापतो, आकसतो. एक दिवस पूर्ण सुटेल. मग पाणी टाका नाहीतर गाडी नदीत उभी करा, सुरू होणार नाही."

"किती दिवस चालेल?"

"बाई, ते मी फोनवर कसं सांगू? मोठा माल घेऊन चढ चढवू नका, एवढं सांगतो. गुरुवारी मी दुकानात आहे. डबा घेऊन या. शुक्रवारपासून आठ दिवस नाही."

गोणपाटाची युक्ती माझी. तीही मीच शोधली, मीच दाखवली, आणि बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. चौथ्या वळणावर गाडी बंद पडेल. काका पाणी ओततील, दोन माणसांच्या उंचीची काच मागे ओढत असेल, आणि इंजिन सुरू होणार नाही. ठोकळा नवा केला आहे, पण ठोकळा लाकडाचाच आहे. जुनाही लाकडाचाच होता.

मी हे सगळे हिशेब वेगवेगळ्या बाजूंनी मांडून बघितले. बोलले तर : काचेचं काम जाईल. वही खोटी ठरेल. बाबांनी ज्या काकांना यार्डभर बोल लावले, त्यांच्यापुढे आणि यार्डापुढे बाबांना मान खाली घालावी लागेल. निळ्या ट्रकवाल्याला त्याच्या मुलीला घरी बसवायला निमित्त मिळेल, कदाचित आमच्या घरीही धाकटीचा विषय निघेल. ही सगळी भीती खरी आहे. मी ती कमी करून लिहीत नाही. न बोलले तर : दोन माणसं. इथे दुसरं काही लिहायला सुचत नाही.

उद्या बाबा कारखान्यात तक्ते कसे बांधतात ते बघायला दुसऱ्याच्या गाडीने जाणार आहेत, उशिरा येतील. ट्रक यार्डातच राहील. बाबा घरी नसताना डबा काढून घेऊन जाणं सोपं आहे. चार बोल्ट आहेत. पण न सांगता काढला तर ती दुसरी लबाडी होईल, आणि पहिलीपेक्षा मोठी. म्हणून उद्या नाही.

गुरुवारी बाबा सात वाजता चहा घेतात. साडेनऊला शहराची बस आहे. मधल्या अडीच तासांत आधी सांगायचं, मग पाना घ्यायचा. पहिलं वाक्य कारागिराला सांगितलं तेच सांगायचं, त्यात बदल करायचा नाही : एकच काढला होता. ते "शनिवारनंतर सांग" म्हणाले तर थांबायचं नाही. आईने बोलावलंय म्हणाले तर उठायचं नाही. ते ओरडले तर ओरडू द्यायचं. रडले तर काय करायचं, हे माहीत नाही.

आणि सगळं ऐकून घेऊनही शनिवारी जायचंच म्हणाले तर? हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचलं. इतके दिवस मला वाटत होतं की सांगणं हीच शेवटची पायरी आहे. नाही. ते हो म्हणोत की नाही म्हणोत, त्यांच्या डोळ्यांसमोर बोल्ट काढायचे, डबा टॉवेलात गुंडाळायचा आणि बसमध्ये बसायचं. मग कारखान्याला कळवायचं की ट्रक येणार नाही. तो फोनही मीच करायचा.

ठरलं : गुरुवार, २५ तारीख. सकाळी सात.